कमरेत स्क्रू, हातावर रोटी

माहं माहेर नरखेड तालुक्यातलं, गाव लहानसं, चहूकून संत्र्याचे बगीचे अन् त्यातला एकबी आमचा नाई. आज्यानं नागपूरले येऊन धम्म घेतला, घरी जाऊन देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले अन् बापाले शाळेत घातलं, बाप शिकला बी, पन शिकून मंग त्याच बगीच्यात राखन कराले लागला, हे असं. माय लांब रोट्या करे. तुम्ही खाल्ल्या असतीन ताई, लग्नात, तेरवीत, मटनाच्या रस्स्यासंगं, पन करतांनी पाह्यल्या नसतीन. कनिक अशी सैल भिजवा लागते का हातात घेतली तं बोटातून गळन, मंग तिले परातीत आपटा लागते, आपटून आपटून तार सुटली पाह्यजे, मंग गोळा या हातावरून त्या हातावर खेळवत खेळवत कोपरापावतर लांबवाचा अन् चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकाचा. भोक पडलं का गेली. अन् हे सारं खाली बसून, एक पाय मुडपून, एक गुडघा वर, चुलीच्या तोंडाशी. खाली बसून, हे ध्यानात ठेवा, पुढचा सारा तमाशा याच्यापाईच झाला. आता काही बाया गॅसवर कढई पालथी टाकून करतात अन् पाटी लावतात का लांब रोटी मिळन. थे रोटी नाई, थे चिंधी हाय. मले कोनी खाले देल्ली तं मी ताट पुसाले घेईन.

लगन होऊन नागपूरले आली, प्रताप नगरच्या मांगं वस्ती हाय आमची, पुढून मोठाले बंगले अन् मांगून आम्ही. नवरा रंगारी. भिंती रंगवते. मानूस वाईट नाई, वाईट असता तं बरं झालं असतं, वाईट मानसाले निदान स्वतःचं काही मत राह्यते. याले कोनतीबी गोठ इचारा, भाजी कोनती आनू, पोरीले कोनत्या शाळेत टाकू, थो म्हने भाऊले इचारतो. भाऊ म्हनजे त्याचा मोठा भाऊ, आमचे भासरे, कळमेश्वरले राह्यतात, तिथच्या कंपनीत सुपरवायझर. सुपरवायझर म्हनजे काय तं दुसरे काम करतात अन् हे उभे राहून पाह्यतात. तेवढ्यानं थ्यांले वाटे का दुनियेतलं सारं आपल्यालेच समजते. कोनाच्या घरी हीर खोदाची असो का कोनाचं अपेंडिक्स काढाचं असो, भासरे उंटावरून शेळ्या हाकाले हजर. अन् आमच्या घरी तं काय, आमचा मानूस त्याइच्या तोंडाकडे असा पाहे जसं काही त्यातून लाडू पडनार हाय. घर मात्र माह्या मडक्यावर चाले, हे मी सांगाले लाजत नाई. लग्नसराईत मले श्वास घ्याले फुरसत नसे, लोकं म्हनत, कौसल्याबाईची रोटी असन तं सांगा, नाई तं भातच ठेवतो. पोरगी माही, प्रज्ञा, त्याच रोट्याइवर शिकली, आता सीताबर्डीवर कापडाच्या दुकानात काम करते.

भासऱ्याच्या पोरीचं लगन होतं कळमेश्वरले. रोट्या मीच कराच्या, घरचं काम म्हनून फुकटात, थे इचाराचं बी कारन नाई. टेम्पोत मडके, पराती, लाकडं भरले अन् त्याइच्यावर मी बसली, मडक्याले धरून. नवरा अन् सामान न्याले आलेले भासरे मांगून गाडीवर येऊन राह्यले होते. कळमेश्वर जवळ आलं अन् एक म्हैस रस्त्यात आली, म्हशीले काय, तिले कोनाचं लगन हाय थे थोडीच मालूम, ड्रायव्हरनं गाडी बाजूले दाबली अन् टेम्पो कलंडला नालीत. मडके फुटल्याचा आवाज मले अजून आयकू येते. मी खाली अन् टेम्पोचं फालकं, मांगची फळी, माह्या कमरेवर आडवं. लोकांनी फालकं उचललं. मले पयलं दुखलंच नाई, पन खालचं अंग माहं नाई असं वाटे, पाय हालवाले गेली का आतून काहीतरी करकर करे, जसं परातीत खडा आला.

आता आयका, शहाने लोकं काय करतात. एक दुकानदार होता तिथं, त्यानं म्हनलं, बाईले हालवू नोका, एकशेआठले फोन लावा. आमचे भासरे म्हनतात, दवाखान्यात नेलं का कापतात, माहा मानूस हाय बाजूच्या गावात, हाडं बसवते, कंपनीतल्या कितीक जनाइचे बसवले त्यानं. झालं. चार जनांनी चार हातपाय धरले अन् पोतं उचलतात तशी मले उचलली. अन् मंग कशावर टाकली, तं फटफटीवर. पुढं भासरे, मधात मी, मांगून नवरा, मी पडू नोये म्हनून त्यानं मले करकचून धरली. फटफटीवर मानूस कसा बसते, दोन पाय दोन बाजूले टाकून, आता कंबर मोडलेल्या बाईले तसं फाकवून बसवाचं अन् खड्ड्याखड्ड्यातून न्याचं, हे अक्कल फक्त आमच्याच लोकाइले सुचू शकते. इकडं सारेच असं करतात, बिमार मानूस मधात अन् धट्टे दोन बाजूले, पोटात दुखो का पाय मोडो, एकच औषध. मी वरडली. वरडतच होती. नवरा मांगून म्हने, थांब वं, पोहोचलोच, थांब वं, पोहोचलोच. मले अजूनबी झोपेत कधी आयकू येते थे.

थो हाडं बसवनारा म्हनजे काय सांगू तुम्हाले, आंगनात बाज टाकून बसला होता, कानात अत्तराचा बोळा. त्यानं मले हात लावला अन् लावल्याबरोबर म्हनलं, कंबर उतरली हाय, चढवून देतो. पायाचा पंजा धरला, आपला पाय माह्या मांडीच्या वर रोवला अन् असा वढला का माह्या डोळ्यापुढं अंधार आला. मंग कोनत्या तरी झाडाची साल, अंडं, बांबूच्या कामट्या, सारं कमरेवर थापून पट्टा बांधला. म्हने, बसलं. मी म्हनलं, काय बसलं, दुखून तं पयलेपेक्षा जास्ती राह्यलं. थो म्हने, दुखते म्हनजे बसून राह्यलं. आता हे कायद्यातच बसते, दुखलं तं बसून राह्यलं अन् नाई दुखलं तं बसलं. थो मानूस चुकूच शकत नाई, त्याले चुकाची सोयच नाई ठेवली त्यानं. भासऱ्याइनं मान हालवली, जसं काही ऑपरेशन त्याइनंच केलं.

लगन तं होनारच होतं. मले आतल्या खोलीत बाजेवर टाकली अन् बाहेर मांडव लागला. रोट्या दुसरीकून आनल्या. पंगत बसली अन् मले आयकू येऊन राह्यलं, कोनी म्हनते वातड हाय, कोनी म्हनते हे काय चामडं हाय का गा, कौसल्याबाई कोठी हाय. ताई, खरं सांगू, तेवढ्या येळपुरतं दुखनं कमी झालं. पन मंग मले समजलं का मूत लाल होऊन राह्यलं अन् होऊन बी पूरं होत नाई, पोट फुगून आलं, अन् बाया येत, पाहत, तोंडाले पदर लावत अन् जेवाले जात. जाऊ येऊन म्हने, वं बाई, लग्नघरात कन्हू नोको, पाहुने काय म्हनतीन.

प्रज्ञा वरातीच्या गडबडीत होती, तिले लोकांनी सांगतलं होतं का मायच्या कमरेले मुका मार हाय. थे आली, तिनं चादर काढली अन् पाह्यलं, एक पाय दुसऱ्यापेक्षा वर गेला होता, पंजा बाहेर लटकलेला. पोट्टीनं कोनाले इचारलं नाई. फोन लावला, ॲम्ब्युलन्स बोलावली. भासरे दारात उभे राह्यले, म्हने, लग्नघरातून ॲम्ब्युलन्स निघाली तं अपशकून हाय, पोरगी आज सासरी जाऊन राह्यली. अपशकून. आज्यानं देव नदीत सोडले अन् यांनी थे वापस गोळा करून खिशात ठेवले. प्रज्ञा म्हने, मोठे बाबा, बाजूले व्हा, नाई तं मी इथंच वरडीन. झाले बाजूले. नवऱ्याकडे पाह्यलं मी, थो भावाकडं पाहून राह्यला होता. मी म्हनलं, चाल, तुहं बी काही काम नाई इथं. आला, कुत्रं येते तसा मांगंमांगं.

ॲम्ब्युलन्समधल्या पोरीनं पयले काम काय केलं असन, तं कामट्या काढून फेकल्या अन् चादरीची घडी करून कुल्ल्याभवती आवळून बांधली, पाय जोडून बांधले. बस, एक चादर. करकर थांबली. चादरी तं भासऱ्याच्या घरी ढीगभर होत्या, पाहुन्याइसाठी.

दवाखान्यात रक्त चढवलं, मुताले नळी टाकली, फोटो काढले, हे काढले, थे काढले. हाडाचा डॉक्टर कोवळा पोट्टा, मिशी बी नीट नाई, अन् मले म्हने, आजी. माही पोरगी अजून लग्नाची हाय अन् हा मले आजी म्हनते. मी म्हनलं, बाई म्हन. त्यानं समजावून सांगतलं मात्र नीट, हे म्हना लागते. म्हने, कंबर म्हनजे बांगडीवानी गोल हाय, अन् बांगडी एका जागी नाई तडकत, दोन जागी तडकते. तुमची समोरून उघडली हाय अन् मांगून मनक्यापासून सुटली हाय, सुटलेला भाग वर सरकला हाय, त्यानंच पाय आखूड दिसते. मंग मले इचारलं, पडल्यावर कशी आनली तुम्हाले. मी सांगतलं. फटफटी सांगतली, कामट्या सांगतल्या, पंजा धरून वढलं थे सांगतलं. त्यानं नवऱ्याकडं पाह्यलं. नवऱ्यानं खाली पाह्यलं. मले वाटलं होतं त्याले लाज वाटली का मले बरं वाटन, पन तसं काही झालं नाई, दुखतच होतं.

डॉक्टर म्हने, आंधी पायाले वजन लटकवून हाड खाली आनू, मंग बाजूनं लहानसा चिरा देऊन लांब स्क्रू टाकू, मांगून, मनक्याच्या हाडात, मशीनवर पाह्यत पाह्यत, अन् समोरून एक पट्टी. नसा जवळून जातात म्हने, धोका हाय, पन नाई केलं तं हे असंच सैल राहीन. मी म्हनलं, एकच सांग, मी खाली बसन का. थो म्हने, तुम्ही चालाल. मी म्हनलं, चालाचं नाई इचारलं, बसाचं इचारलं. थो म्हने, आजी, खाली बसायचं कशाला, खुर्ची असते ना. परत आजी. मी त्याले मडकं सांगतलं, चूल सांगतली, कनिक सांगतली, थो आयकत होता पन त्याच्या चेहऱ्यावरून मले दिसलं का त्याले चालनारी बाई म्हनजेच पूरी बाई वाटते. चालून मी काय करू. चालून कोठी जाऊ. चालनाऱ्या बाया तं वस्तीत रगड हायत, कोनी त्याइले रोटीची ऑर्डर देते का. मंग थो म्हने, हाड नीट जुळलं तं बसाल बी कदाचित, पन लगेच नाई, अन् शब्द नाई देत. कदाचित. त्या एका शब्दावर मी ऑपरेशनले तयार झाली.

तयार झाली तं भासरे आले. लगन उरकून, सुपारी चावत, वार्डात. म्हनतात, कमरेत लोखंड टाकलं का बाई जन्माची गेली. हिवाळ्यात लोखंड गारठते म्हने, आतून कुडकुडत मरन. अन् वीज पडते म्हने, लोखंड जिथं असन तिथं वीज वढल्या जाते. मी म्हनलं, भासरे, तुमची कंपनी सारी लोखंडाची, पत्रे लोखंडाचे, खांब लोखंडाचे, तुम्ही त्याइच्याखाली इतके वर्स उभे हाय, तुमच्यावर काहून नाई पडली. बाजूच्या खाटेवरची बुढी हसली, तिचा पाय टांगलेला, थे टांगल्या टांगल्या हसली. भासरे भडकले. नवऱ्याले म्हने, सही करू नोको, मी वैदाले इथं आनतो. अन् आमचा मानूस, पेन हातात घेऊन, कधी भावाकडं पाहे, कधी माह्याकडं. मी म्हनलं, इकडं आन थे. कंबर कोनाची हाय. भावाची हाय का तुही हाय. मले सही येते, बापानं शिकवली होती, बगीच्यात राखन करता करता. मीच केली सही. डॉक्टर म्हने, चालते, तुम्ही शुद्धीवर हाय, तुमचीच लागते. आता हे कोनी आंधी सांगतलं असतं तं पूरा जलम सुधारला असता, का बाईची स्वतःची सही चालते.

वजन लटकवलं तेव्हा मांडीच्या हाडातून तार घातली, खाटेच्या पायथ्याशी वजन टांगलं, कनिक आपटाच्या येळेले माहे हात दुखत थे काहीच नाई यापुढं. डॉक्टर म्हने, पडल्यापडल्या आनलं असतं तं इतकं वढा लागलं नसतं. मी म्हनलं, हे थ्या दारात उभ्या मानसाले सांग, पन भासरे तोपावतर चहा प्याले गेले होते. मंग ऑपरेशन झालं. मले झोपवली, थंडगार खोली, अन् जागी झाली तं डॉक्टर पायाशी उभा, म्हने, आजी, अंगठा वर करा. पायाचा अंगठा वर उचलला जाते का नाई हे पाहून राह्यला होता थो, नस बचली का नाई. मी अंगठा वर केला. थो इतका खुश झाला का त्याच्या त्या मिशीतून हसू आलं. मी म्हनलं, हे तं पयले बी येत होतं मले. पन मनातून मले बी रडू आलं, थे मी त्याले दिसू देल्लं नाई.

घरी आल्यावर लोकांची रांग. ज्याइनं कधी हाल इचारला नाई थ्या बाया नारळपानी घेऊन, अन् मले पाहाले नाई, फोटो पाहाले. प्रज्ञाच्या मोबाइलवर फोटो होता, मांगून दोन लांब स्क्रू आडवे, समोरून पट्टी. वं माय, एवढे मोठे, हे तं आमच्या दाराच्या कब्जाले हायत तसेच. एक जन म्हने, आता ढुंगनाले हात लावला का खनखन वाजन. बसा, हसा, नारळपानी प्या अन् जा. वंदनेले गेलेल्या बाया बी विहारात माह्यावरच बोलत. कोनी मले इचारलं नाई का बाई, चूल कशी पेटन तुही.

अन् चूल नाई पेटली ना. मोडल्या बाजूवर वजन नाई द्याचं, मंग वॉकर, मंग काठी, अन् खाली बसाचं नावच नाई काढाचं. लग्नसराई आली. मागच्या गल्लीतली एक जन माह्या ऑर्डरी घेऊन राह्यली, थ्या गॅसवर कढई पालथी टाकनाऱ्याइतलीच. मले बाजेवरून तिच्या दारातली गर्दी दिसे. मंग आमच्या मानसाले अक्कल सुचली. म्हने, चूल उंच करतो, उभ्यानं कर. विटा रचल्या, टेबलावर चूल बांधली, मडकं पालथं घातलं. अरे, मडक्यावर रोटी टाकाची म्हनजे वरून खाली हात सोडाचे, अंग झोकून, छातीच्या उंचीवर मडकं ठेवलं तं जाळ तोंडात. पयलीच रोटी टाकाले गेली, पदर पेटता पेटता राह्यला, टेबल हाललं, मडकं गेलं खाली. मी त्याले जे बोलली थे तुम्ही लिहू नोका, ताई.

मंग थो म्हने, मी बसतो, तू सांग. मर्दमानूस लांब रोटीले बसला, पूऱ्या वस्तीत बातमी. पोट्टे येऊन उभे राह्यत तमाशा पाहाले. रंगाचा ब्रश धरनारे हात, त्याइले कनिक कशी आयकन. गोळा हातावर घेतला का थो एकीकून लांबे अन् दुसरीकून फाटे. मडक्यावर जे पडे त्याले नाव नाई, कधी भारताचा नकाशा, कधी फाटकी बंडी. मी बाजेवरून म्हनो, अरे खेळव त्याले, मारू नोको, कोपर वर, कोपर. थो मान खाली घालून करे. घामानं भिजे. भासरे आले एक खेप, पाह्यलं, म्हने, हे काय बायकी काम करून राह्यला तू, घरान्याचं नाक कापलं. मी वाटच पाहून राह्यली होती का आता हा उठते अन् भावाच्या मांगं जाते. थो म्हने, भाऊ, जाळासमोरून जरा सरक. एवढंच. भासरे सरकले. मंग गेले. मी त्याले शाबासकी देल्ली नाई. इतक्या वर्सात एक वाक्य बोलला तं त्याचं काय सोनं करू. अन् रोटी तं त्या दिवशी बी फाटलीच.

मधात दवाखान्याच्या खेपा सुरूच. तिथं एक व्यायाम शिकवनारी पोरगी होती, थे मले पाय उचलाले लावे, कंबर हालवाले लावे, मी शिव्या देऊ मनातल्या मनात. नवरा बाजूले उभा राहे, भिंतीले टेकून, मले वाटे का उंघून राह्यला. मंग एकदा फोटो पाहून थो कोवळा डॉक्टर म्हने, हाड जुळलं, आता पाहा हळूहळू, आधी उंच पाट, मग कमी उंच. स्क्रू काढायचे नाहीत, राहू द्या, थे आता तुमचेच. मी घरी येऊन उशीवर उशी ठेवून बसाले शिकली, मंग एक उशी कमी, मंग पाट, मंग पाट बी नाई. दुखे. कमरेत आतून असं वाटे का कोनी बोट रोवून बसलं. पन बसली. एक पाय मुडपून, एक गुडघा वर, जशी माय बसे.

मंग पयली ऑर्डर घेतली, जवळच्याच घरची, बारशाची. कनिक यानं आपटून देल्ली, तेवढं आता त्याले येते, हात मजबूत हायत त्याचे. मी चुलीपुढं बसली, मडकं तापलं, गोळा घेतला, अन् ताई, काय सांगू तुम्हाले, हात इसरले नव्हते. कोपरापावतर आली रोटी, पलीकडचं दिसन अशी. एकामांगं एक. बाया उभ्या राहून पाहत होत्या, ज्याइनं खनखन वाजन म्हनलं होतं थ्याच, अन् मी कोनाकडं मान वर करून पाह्यलं नाई. ऑर्डर झाली, टोपले गेले, बाया गेल्या, चूल इझली. अन् मले उठाचं होतं.

तं उठताच येईना. बसता आलं, पन उठाचं जमलं नाई. गुडघ्यावर हात ठेवून पाह्यलं, भिंतीले धरून पाह्यलं, कमरेतून जोरच येत नाई वर. या गोठीचा कोनी इचारच नव्हता केला, मी बी नाई, डॉक्टरनं बी नाई, बसन का बसन का म्हनून मी सारा जीव त्यातच टाकला होता. मी तिथंच बसून राह्यली. राखेपाशी. मनात म्हनलं, कोनाले हाक नाई माराची, प्रज्ञा दुकानातून येईन तोपावतर अशीच बसते, पन ज्याइनं मले पोतं केलं त्याइच्या हातात परत अंग द्याचं नाई. लय येळ बसली. लघवी लागून राह्यली, तरी बसली. अन् मंग मले दिसलं का थो दाराच्या बाहेर पायरीवर बसून हाय. कामाले गेलाच नव्हता. बिडी बी नाई पेटवली, नुसता बसून हाय, पाठ माह्याकडं करून, जसं काही रस्ता पाहून राह्यला.

मी म्हनलं, ये गा.

थो आला. हात धरून वढलं नाई त्यानं. माह्या मांगं गुडघे टेकून बसला, दोन्ही हात माह्या काखेतून घेतले, माह्या चांगल्या बाजूच्या पायामांगं आपला पाय लावला अन् म्हने, तू पुढं वाक, मी म्हनलं का उठ. अन् उठवलं. कुठंच करकरलं नाई, कुठंच दुखलं नाई. मी म्हनलं, हे कोनी शिकवलं तुले. थो म्हने, त्या पोरीनं, तू शिव्या देत होती तेव्हा मी इचारून घेतलं. त्याले काहीच येत नाई असं मी जलमभर म्हनत आली, अन् खोटं बी नाई थे, पन एवढं येते.

आता सुरू हाय. लग्नसराईत ऑर्डरी हायत, कढईवालीचं दुकान मंद झालं, झालंच पाह्यजे होतं. भासरे रिटायर झाले, आता त्याइले पाहाले कोनी काम करून देत नाई, तरी येतात, रोटी खातात अन् म्हनतात, मीठ जरा कमी हाय. हाडं बसवनाऱ्याच्या आंगनात अजूनबी गर्दी हाय म्हने. असू दे. विहारात शेवटी आपन म्हनतो का सगळ्याइचं मंगल हो, तं सगळ्याइचं म्हनजे थो बी आला अन् भासरे बी आले, मले मनापासून पटत नाई, पन म्हना लागते, म्हनते.

अन् हा, माहा नवरा. याले मी माफ केलं का असं प्रज्ञा इचारते कधीकधी. माफ गीफ काही नाई केलं. फटफटीवर मले धरून म्हनत होता पोहोचलोच, पोहोचलोच, थे मी मरेपावतर नाई इसरनार. पन रोज चूल इझली का मी त्यालेच हाक मारते, दुसऱ्या कोनाचे हात मले चालत नाई, प्रज्ञाचे बी नाई. त्याले दम्याचा त्रास सुरू झाला आता, रंगाचं काम करून करून. खोकते. मी त्याले म्हनते, खोकू नोको, कनिकीत थुका उडते. पन मनात म्हनते का माह्या आंधी मरू नोको रे बाप्पा, मी खालीच बसून राहीन.